कम्पॅशन (अल्बम)

'कम्पॅशन' हा अमेरिकन पियानोवादक व संगीतकार विजय अय्यर यांच्या जॅझ त्रयीचा अल्बम आहे. म्युनिक येथील ईसीएम रेकॉर्ड्स या कंपनीने तो २ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रकाशित केला. अय्यर यांच्यासह या त्रयीत डबल बेसवादक लिंडा मे हान ओ आणि ड्रमवादक टायशॉन सोरी यांचा समावेश आहे. याच तिघांचा 'अनीझी' (२०२१) हा पहिला अल्बम होता. 'कम्पॅशन' हा दुसरा. अल्बममध्ये एकूण १२ रचना असून त्यांपैकी ९ अय्यर यांच्या आहेत. उरलेल्या तीन मांडण्यांत स्टीव्ही वंडर, रॉस्को मिचेल, जॉन स्टबलफील्ड आणि जेरी ॲलन यांच्या रचना घेतल्या आहेत.

अल्बममध्ये गायन नाही. शब्द आहेत ते केवळ शीर्षकांत आणि सोबतच्या टिपणात. तरीही त्यातील बहुतेक रचना विशिष्ट व्यक्तींच्या किंवा घटनांच्या स्मरणाशी जोडलेल्या आहेत: आर्चबिशप डेझमंड टूटू, कोविड-१९ महासाथीत मृत्यू पावलेली माणसे, १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात मारला गेलेला कृष्णवर्णीय किशोर एमेट टिल आणि जॅझमधील काही पूर्वसुरी. केवळ वाद्यांच्या साहाय्याने दुसऱ्याच्या दुःखाची दखल कशी घेता येते, हा या अल्बमच्या केंद्रस्थानी असलेला प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

पियानो त्रयीची परंपरा

पियानो, डबल बेस आणि ड्रम या तीन वाद्यांची जोडणी ही जॅझमधील सर्वाधिक रूढ रचनांपैकी एक मानली जाते. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात नॅट किंग कोल यांनी लोकप्रिय केलेल्या त्रयीत ड्रमऐवजी गिटार असे. पुढे बड पॉवेल, अहमद जमाल आदी वादकांच्या काळात पियानो, बेस व ड्रम ही जोडणी स्थिरावली. सुरुवातीच्या अनेक त्रयींमध्ये पियानोवादक हा मुख्य कलाकार असे आणि उरलेले दोघे त्याला साथ करीत. बेसवादक स्वरसंगतीचा पाया धरून ठेवी, तर ड्रमवादक लय सांभाळी.

या संबंधात मोठा बदल घडवणारी त्रयी म्हणून बिल एव्हन्स, स्कॉट लाफारो व पॉल मोशन यांच्या त्रयीचा उल्लेख केला जातो. २५ जून १९६१ रोजी न्यू यॉर्कमधील 'व्हिलेज व्हॅनगार्ड' या क्लबमध्ये झालेल्या त्यांच्या वादनाच्या ध्वनिमुद्रणांत बेस हा पियानोशी बरोबरीने संवाद करताना ऐकू येतो. ड्यूक एलिंग्टन, चार्ल्स मिंगस व मॅक्स रोच यांनी १९६२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या 'मनी जंगल' या अल्बममध्ये हाच संवाद काहीसा संघर्षाचे रूप घेतो. किथ जॅरेट, गॅरी पीकॉक व जॅक डिजॉनेट यांच्या त्रयीने १९८३ पासून ईसीएमसाठी केलेली ध्वनिमुद्रणे हा या परंपरेतील आणखी एक महत्त्वाचा टप्पा होय. 'कम्पॅशन' याच परंपरेत मोडतो.

विजय अय्यर आणि आधीची त्रयी

विजय अय्यर यांचा जन्म २६ ऑक्टोबर १९७१ रोजी न्यू यॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे झाला. त्यांचे आईवडील तमिळ असून ते भारतातून अमेरिकेत स्थलांतरित झाले होते. अय्यर यांनी लहान वयापासून सुमारे १५ वर्षे व्हायोलिनचे पाश्चात्त्य शास्त्रीय शिक्षण घेतले. पियानो मात्र ते बहुतांशी ऐकून आणि स्वतः वाजवून शिकले. येल विद्यापीठात त्यांनी गणित व भौतिकशास्त्र या विषयांचा अभ्यास केला. पुढे बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९९८ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पश्चिम आफ्रिकी व आफ्रिकन-अमेरिकन संगीतातील लयीचे आकलन शरीराच्या अनुभवातून कसे घडते, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. २०१३ मध्ये त्यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली आणि २०१४ पासून ते हार्वर्ड विद्यापीठात अध्यापन करीत आहेत.

बेसवादक स्टीफन क्रम्प व ड्रमवादक मार्कस गिलमोर यांच्यासह असलेली अय्यर यांची आधीची त्रयी 'हिस्टोरिसिटी' (२००९), 'ॲक्सेलरांडो' (२०१२) आणि 'ब्रेक स्टफ' (२०१५) या अल्बमांमुळे प्रसिद्धीस आली. स्वतःच्या रचनांसोबत लोकप्रिय गाणी आणि आधीच्या पिढीतील जॅझ संगीतकारांच्या रचना नव्याने मांडण्याची पद्धत या अल्बमांपासूनच दिसते. 'हिस्टोरिसिटी'मध्ये स्टीव्ही वंडर, अँड्र्यू हिल व ज्युलियस हेम्फिल यांच्या, तर 'ब्रेक स्टफ'मध्ये थेलोनियस मंक, बिली स्ट्रेहॉर्न व जॉन कोल्ट्रेन यांच्या रचना आहेत.

'अनीझी' ते 'कम्पॅशन'

अय्यर, ओ आणि सोरी हे तिघे कॅनडातील बॅन्फ येथे होणाऱ्या जॅझविषयक कार्यशाळेच्या निमित्ताने एकत्र आले. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी 'अनीझी'चे ध्वनिमुद्रण केले आणि ९ एप्रिल २०२१ रोजी तो अल्बम प्रकाशित झाला. शीर्षकातील शब्दाचा अर्थ 'अस्वस्थ' असा आहे. मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराच्या दूषित पाणीपुरवठ्याचा संदर्भ असलेली 'चिल्ड्रन ऑफ फ्लिंट' आणि कृष्णवर्णीयांवरील हिंसेच्या विरोधातील आंदोलनाशी सहभाव व्यक्त करण्यासाठी २०१४ मध्ये रचलेली 'कॉम्बॅट ब्रीदिंग' या त्यातील आरंभीच्या दोन रचना होत.

'अनीझी'चे ध्वनिमुद्रण आणि प्रकाशन यांच्या दरम्यान कोविड-१९ ची साथ जगभर पसरली. त्यामुळे 'अनीझी' हा साथीपूर्वी वाजवला गेलेला आणि साथीच्या काळात ऐकला गेलेला अल्बम ठरला. 'कम्पॅशन'मधील रचना मात्र साथीची हानी प्रत्यक्ष अनुभवल्यानंतर वाजवल्या गेल्या. पहिल्या अल्बमच्या शीर्षकात अनिष्टाची चाहूल आहे, तर दुसऱ्याच्या शीर्षकात ते ओढवल्यानंतर एकमेकांशी कसे वागावे याचा विचार आहे. दोन्ही अल्बम एका पाठोपाठ ऐकल्यास हा फरक विशेष जाणवतो.

वादक

लिंडा मे हान ओ यांचा जन्म १९८४ मध्ये मलेशियात चिनी वंशाच्या कुटुंबात झाला. त्या ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे वाढल्या आणि पुढे न्यू यॉर्कमधील मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिक येथे त्यांनी शिक्षण घेतले. गिटारवादक पॅट मेथिनी यांच्या वाद्यवृंदातील सहभागामुळे त्या अधिक परिचित झाल्या. 'वॉक अगेन्स्ट विंड' (२०१७), 'ॲव्हेंचुरिन' (२०१९) आणि 'द ग्लास अवर्स' (२०२३) हे त्यांचे स्वतःचे अल्बम आहेत.

टायशॉन सोरी यांचा जन्म ८ जुलै १९८० रोजी न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क येथे झाला. ड्रमशिवाय ते पियानो व ट्रॉम्बोनही वाजवतात. जॅझ आणि पाश्चात्त्य शास्त्रीय परंपरेतील समकालीन संगीत या दोन्ही क्षेत्रांत संगीतकार म्हणून त्यांना मान्यता आहे. २०१७ मध्ये त्यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. सॅक्सोफोनवादक स्टीव्ह लेमन यांच्यासह 'फील्डवर्क' या त्रयीत, तसेच अय्यर यांच्या 'फार फ्रॉम ओव्हर' (२०१७) या सहा वादकांच्या अल्बममध्ये अय्यर व सोरी यांनी एकत्र वादन केले आहे. त्यामुळे 'कम्पॅशन'च्या वेळी या दोघांच्या सहवादनाला दीर्घ पूर्वेतिहास होता.

ध्वनिमुद्रण व प्रकाशन

'कम्पॅशन'चे ध्वनिमुद्रण मे २०२२ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील माउंट व्हर्नन येथील ऑक्टेव्हन ऑडिओ या स्टुडिओत झाले. 'अनीझी'चे ध्वनिमुद्रणही याच ठिकाणी झाले होते. निर्मितीची जबाबदारी अय्यर आणि ईसीएमचे संस्थापक मानफ्रेड आयशर यांनी सांभाळली. १९६९ मध्ये स्थापन झालेली ईसीएम ही कंपनी शांततेला आणि वाद्यांच्या नैसर्गिक अनुनादाला महत्त्व देणाऱ्या ध्वनिमुद्रणशैलीसाठी ओळखली जाते.

शीर्षक आणि संकल्पना

'कम्पॅशन' या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत असून 'सोबतीने सोसणे' असा त्याचा मूळ अर्थ आहे. मराठीत त्यासाठी सामान्यतः 'करुणा' हा शब्द योजला जातो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'सहवेदना' हा शब्द त्याच्या अधिक जवळ जातो. 'दया' या शब्दात देणारा वरच्या पायरीवर आणि घेणारा खालच्या पायरीवर असल्याची छटा असते. 'सहवेदने'त तशी उतरंड नसते.

अय्यर यांच्या भूमिकेनुसार संगीत हे भोवतालच्या जगापासून वेगळे काढता येत नाही. माणसे, त्यांचे परस्परसंबंध आणि त्यांची परिस्थिती यांतूनच ते उभे राहते. त्यामुळे अल्बमचे शीर्षक दोन पातळ्यांवर लागू होते. एका पातळीवर त्यातील रचना इतरांच्या दुःखाकडे निर्देश करतात. दुसऱ्या पातळीवर त्रयीचे वादन हेच एकमेकांकडे लक्ष देण्याची कृती आहे. उत्स्फूर्त वादनात पुढचा क्षण कोणालाही पूर्णपणे ठाऊक नसतो. अशा वेळी सहवादकाने घेतलेली दिशा ऐकून तिला जागा देणे, गरज पडल्यास तिला आधार देणे किंवा स्वतः थांबणे, हे प्रत्येकाला करावे लागते.

रचना

'कम्पॅशन' आणि 'आर्च'

शीर्षकरचनेने अल्बमचा आरंभ होतो. ठाम ठेका लगेच सुरू न करता ही रचना संथपणे उलगडत जाते. झांजांचा अनुनाद, बेसचे मोकळे स्वर आणि पियानोची विरळ स्वरसंगती यांतून ती हळूहळू घनदाट होते.

दुसरी रचना 'आर्च' ही दक्षिण आफ्रिकेतील धर्मगुरू डेझमंड टूटू यांना उद्देशून आहे. आर्चबिशप या पदनामाचा संक्षेप असलेले 'आर्च' हे त्यांचे प्रेमाचे संबोधन होते. वर्णभेदाच्या धोरणाविरुद्धच्या अहिंसक लढ्यासाठी टूटू यांना १९८४ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. वर्णभेदी राजवट संपल्यानंतर सत्य व सलोखा आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. आयोगापुढे अत्याचारग्रस्तांनी आपल्या यातना जाहीरपणे सांगितल्या आणि अत्याचार करणाऱ्यांना गुन्ह्यांची पूर्ण कबुली देऊन माफीसाठी अर्ज करता आला. टूटू यांचे निधन २६ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे या ध्वनिमुद्रणाच्या सुमारे पाच महिने आधी झाले. करुणेला सार्वजनिक व्यवहारात स्थान देऊ पाहणाऱ्या व्यक्तीचे स्मरण शीर्षकरचनेच्या लगेच पुढे ठेवलेले आहे.

'ओव्हरजॉइड'

'ओव्हरजॉइड' हे स्टीव्ही वंडर यांच्या 'इन स्क्वेअर सर्कल' (१९८५) या अल्बममधील गीत आहे. येथील मांडणी ही पियानोवादक चिक कोरिया यांना वाहिलेली अप्रत्यक्ष आदरांजली आहे. कोरिया यांचे निधन ९ फेब्रुवारी २०२१ रोजी झाले. आपल्या अखेरच्या काळात ते हे गीत वाजवत असत. त्यांच्या निधनानंतर त्यांनी वापरलेल्याच एका पियानोवर वादन करण्याची संधी अय्यर यांना मिळाली आणि त्यातून हे गीत त्यांच्या वादनात आले. मूळ गीतातील सुरावट येथे ओळखू येते. मात्र तिच्याखालील लय बदललेली आहे. शोकाचा संदर्भ असूनही रचनेचा भाव प्रसन्न आहे. मूळ शीर्षकाचा अर्थही 'अत्यानंदित' असाच आहे.

महासाथीच्या स्मरणार्थ रचना

'मेलस्ट्रॉम', 'टेम्पेस्ट' आणि 'पॅनिजिरिक' या तीन रचना मूळतः महासाथीत मृत्युमुखी पडलेल्यांच्या स्मरणार्थ केलेल्या एका प्रकल्पासाठी लिहिल्या गेल्या. पहिल्या दोन शीर्षकांचे अर्थ अनुक्रमे 'भोवरा' आणि 'वादळ' असे आहेत. 'पॅनिजिरिक' म्हणजे 'स्तुतिपर भाषण'. पहिल्या दोन रचनांत गती आणि घनता अधिक आहे. तिसरीत आवेग ओसरतो आणि सुरावटीला मोकळी जागा मिळते. 'मेलस्ट्रॉम' आणि 'टेम्पेस्ट' यांच्या मध्ये 'प्रेल्यूड: ओरिझन' ही रचना आहे. 'ओरिझन' हा 'प्रार्थना' या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द आहे. भोवरा, प्रार्थना, वादळ आणि गौरव असा शीर्षकांचा क्रम त्यामुळे तयार होतो.

साथीच्या काळात अनेक देशांत अंत्यविधींवर निर्बंध होते आणि आप्तांना मृताचे अखेरचे दर्शनही घेता आले नाही. सामुदायिक शोकाचे रूढ मार्ग बंद झाले होते. या पार्श्वभूमीवर, एरवी अंत्यविधीच्या वेळी केल्या जाणाऱ्या गौरवाचे नाव एका वाद्यरचनेला देण्याला विशेष अर्थ प्राप्त होतो.

'नोनाह'

'नोनाह' ही सॅक्सोफोनवादक रॉस्को मिचेल यांची रचना आहे. १९४० मध्ये जन्मलेले मिचेल हे 'आर्ट आन्सांबल ऑफ शिकागो' या वाद्यवृंदाचे संस्थापक सदस्य आहेत. शिकागोतील कृष्णवर्णीय संगीतकारांनी १९६५ मध्ये स्थापन केलेल्या, 'एएसीएम' या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या संघटनेशी ते आरंभापासून संबंधित आहेत. अय्यर यांनी मिचेल यांच्या 'नोट फॅक्टरी' या वाद्यवृंदात वादन केले असून 'फार साइड' (२०१०) या अल्बममध्ये त्यांचा सहभाग आहे.

तुटक स्वर आणि त्यांमधील मोठ्या उड्या हे 'नोनाह'चे वैशिष्ट्य आहे. १९७६ मध्ये स्वित्झर्लंडमधील विलिसाऊ येथे मिचेल यांनी तिचे एकल वादन केले. तेथील श्रोते दुसऱ्या वादकाच्या अपेक्षेने आले होते आणि त्यांनी आरंभी नापसंती व्यक्त केली. मिचेल यांनी रचनेचा प्रारंभिक तुकडा दीर्घकाळ पुन्हा पुन्हा वाजवला. अखेर श्रोत्यांचा विरोध मावळला. हे वादन पुढे 'नोनाह' (१९७७) या अल्बममध्ये प्रकाशित झाले. येथील त्रयीच्या मांडणीत ही रचना थोडक्यात आणि वेगाने सादर केलेली आहे.

एमेट टिल यांच्याशी संबंधित रचना

'व्हेअर आय ॲम', 'घोस्ट्रुमेंटल' आणि 'इट गोज' या तीन रचना शिकागोतील कवयित्री व समाजशास्त्रज्ञ इव्ह एल. यूइंग यांच्या लेखनावरून प्रेरित असलेल्या एका प्रकल्पातून आल्या आहेत. 'घोस्ट्रुमेंटल' हे शीर्षक 'भूत' आणि 'वाद्यरचना' या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांच्या जोडणीतून तयार केलेले आहे. शब्द काढून टाकल्यानंतर उरलेले संगीत, असा अर्थही त्यातून सूचित होतो.

'इट गोज' ही मूळतः यूइंग यांच्या कवितेच्या सोबतीने वाजवली जाणारी रचना होती. एमेट टिल आज जिवंत असते तर वृद्धापकाळातील साधे दैनंदिन आयुष्य जगत असते, अशी कल्पना त्या कवितेत आहे. शिकागोचे रहिवासी असलेले टिल ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात नातेवाइकांकडे गेले असता, एका गोऱ्या स्त्रीशी कथितपणे अनुचित वागल्याच्या कारणावरून त्यांचे अपहरण करून निर्घृण हत्या करण्यात आली. त्या वेळी ते १४ वर्षांचे होते. आपल्या मुलाचे काय केले गेले ते जगाला दिसावे, म्हणून त्यांच्या आई मेमी टिल यांनी अंत्यविधीच्या वेळी शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला. आरोपींना केवळ गोऱ्या पुरुषांचा समावेश असलेल्या ज्यूरीने निर्दोष ठरवले. पुढे त्यांनी एका नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत हत्येची कबुली दिली. या घटनेने अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीला चालना मिळाली. झुंडबळीला संघीय कायद्यान्वये द्वेषमूलक गुन्हा ठरवणारा, टिल यांचे नाव असलेला कायदा मार्च २०२२ मध्ये, म्हणजे हत्येनंतर ६६ वर्षांहून अधिक काळाने संमत झाला. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी या अल्बमचे ध्वनिमुद्रण झाले.

टिल यांचे स्मरण सहसा हत्येच्या संदर्भात आणि शवपेटीतील छायाचित्राच्या आधारे केले जाते. 'इट गोज'मागील कल्पना याहून वेगळी आहे. येथे मृत्यूऐवजी त्यांना न मिळालेल्या सामान्य आयुष्याकडे लक्ष वेधलेले आहे. अल्बममध्ये कवितेचे शब्द नाहीत. त्यामुळे शब्दांसाठी तयार केलेली जागा रिकामी राहते आणि संगीत शांतपणे पुढे सरकते.

'फ्री स्पिरिट्स / ड्रमर्स साँग'

अल्बमचा शेवट दोन रचनांच्या जोडणीने होतो. 'फ्री स्पिरिट्स' ही सॅक्सोफोनवादक जॉन स्टबलफील्ड (१९४५–२००५) यांची रचना आहे. पियानोवादक मेरी लू विल्यम्स (१९१०–१९८१) यांनी १९७५ मध्ये आपल्या त्रयीसह ती ध्वनिमुद्रित केली होती आणि अल्बमलाही तेच नाव दिले होते. 'ड्रमर्स साँग' ही पियानोवादक जेरी ॲलन (१९५७–२०१७) यांची रचना आहे. ॲलन यांनी ती बेसवादक रॉन कार्टर व ड्रमवादक टोनी विल्यम्स यांच्यासह 'ट्वेंटी वन' (१९९४) या अल्बममध्ये वाजवली होती. 'अनीझी'मध्येही अय्यर यांच्या त्रयीने ही रचना सादर केली होती.

या दोन रचना एकत्र आणण्याला ऐतिहासिक आधार आहे. ॲलन यांनी विल्यम्स यांच्या संगीताच्या पुनरुज्जीवनासाठी दीर्घकाळ काम केले. रॉबर्ट ऑल्टमन यांच्या 'कॅन्सस सिटी' (१९९६) या चित्रपटात त्यांनी विल्यम्स यांच्यावर आधारित भूमिका केली होती, तसेच विल्यम्स यांच्या नावाचा एक वाद्यवृंदही चालवला होता. जॅझच्या रूढ इतिहासात स्त्री वादकांना तुलनेने कमी स्थान मिळाले आहे. त्या पार्श्वभूमीवर दोन पिढ्यांतील दोन स्त्री पियानोवादकांचा वारसा अल्बमच्या समारोपाला एकत्र येतो.

वादनशैली

जॅझमधील प्रचलित पद्धतीनुसार आरंभी मूळ धून सादर केली जाते, त्यानंतर तिच्या स्वरसंगतीच्या आवर्तनांवर एकेक वादक उत्स्फूर्त विस्तार करतो आणि शेवटी धून पुन्हा वाजवली जाते. 'कम्पॅशन'मध्ये ही चौकट अनेक ठिकाणी सैल केलेली आहे. एकट्याचा विस्तार आणि इतरांची साथ असा स्पष्ट भेद बऱ्याचदा राहत नाही. तिघांचे वादन एकाच वेळी बदलत जाते.

लयीच्या थरांची गुंतवण हे अय्यर यांच्या शैलीचे प्रमुख अंग आहे. भिन्न लांबीचे आकृतिबंध एकाच वेळी चालवले असता ते काही काळ एकमेकांपासून दूर जातात आणि ठरावीक मात्रांनंतर पुन्हा एकत्र येतात. उदाहरणार्थ, चार मात्रांच्या ठेक्यावर पाच मात्रांचा तुकडा वाजवत राहिल्यास दोन्हींचे आरंभबिंदू २० मात्रांनंतर जुळतात. हिंदुस्थानी संगीतातील लयकारीशी परिचित असलेल्या श्रोत्याला समेवर येण्याच्या अनुभवाशी याचे साम्य जाणवू शकते. मात्र जॅझमध्ये हा हिशेब प्रत्येक वेळी पूर्वनिश्चित नसतो आणि एकत्र येण्याचा क्षण मुद्दाम पुढे ढकललाही जातो. 'ड्रमर्स साँग'मध्ये अशी परस्परांत गुंतलेली, पुनरावृत्त होणारी आवर्तने स्पष्टपणे ऐकू येतात.

ओ यांचा बेस स्वरसंगतीचा पाया धरून ठेवतोच. शिवाय अनेकदा तो स्वतंत्र सुरावट म्हणूनही पुढे येतो. सोरी यांच्या वादनात आवाजाच्या पातळ्यांचा विस्तार मोठा आहे. जवळजवळ न ऐकू येणाऱ्या झांजेच्या स्पर्शापासून जोरकस आघातांपर्यंत ते जातात आणि काही वेळा न वाजवण्याचाही परिणामकारक उपयोग करतात.

शब्दाविना स्मरण

वाद्यसंगीत एखाद्या घटनेविषयी असू शकते का, हा प्रश्न संगीतविचारात जुना आहे. शीर्षके आणि टिपण बाजूला ठेवल्यास 'आर्च' ऐकून टूटू यांचे किंवा 'इट गोज' ऐकून टिल यांचे नाव श्रोत्याला सुचण्याचा संभव नाही. स्वर व्यक्तीचे नाव सांगू शकत नाहीत. या अर्थाने अल्बममधील स्मरण शीर्षकांवर आणि त्यांमागील माहितीवर अवलंबून आहे.

तथापि, जॅझच्या इतिहासात शीर्षक आणि स्वर यांच्या या संबंधाला मोठी परंपरा आहे. जॉन कोल्ट्रेन यांची 'अलाबामा' (१९६३) ही वाद्यरचना बर्मिंगहॅममधील चर्चवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात चार मुलींचा मृत्यू झाला त्या घटनेशी जोडली जाते. अशा रचनांत शीर्षक श्रोत्याला कोणत्या दिशेने ऐकायचे ते सुचवते, तर संगीत त्या विषयाजवळ थांबण्यासाठी लागणारा वेळ देते. 'कम्पॅशन'मध्ये दुसऱ्याच्या रचना वाजवणे हेही स्मरणाचेच साधन आहे. मिचेल, स्टबलफील्ड व ॲलन यांच्याबाबत त्यांचे स्वर प्रत्यक्ष वादनातून पुन्हा उपस्थित होतात. त्यासाठी वर्णनाची गरज राहत नाही.

रचनांची यादी

वेगळा उल्लेख नसल्यास सर्व रचना विजय अय्यर यांच्या आहेत.

१. कम्पॅशन
२. आर्च
३. ओव्हरजॉइड (स्टीव्ही वंडर)
४. मेलस्ट्रॉम
५. प्रेल्यूड: ओरिझन
६. टेम्पेस्ट
७. पॅनिजिरिक
८. नोनाह (रॉस्को मिचेल)
९. व्हेअर आय ॲम
१०. घोस्ट्रुमेंटल
११. इट गोज
१२. फ्री स्पिरिट्स / ड्रमर्स साँग (जॉन स्टबलफील्ड / जेरी ॲलन)

सहभाग

विजय अय्यर – पियानो
लिंडा मे हान ओ – डबल बेस
टायशॉन सोरी – ड्रम
निर्मिती – विजय अय्यर, मानफ्रेड आयशर

नंतरचा काळ

अल्बमच्या प्रकाशनानंतर काही महिन्यांनी, मे २०२४ मध्ये, सोरी यांना 'अडाजियो (फॉर वाडाडा लिओ स्मिथ)' या सॅक्सोफोन व वाद्यवृंदासाठीच्या रचनेकरिता संगीताचे पुलित्झर पारितोषिक जाहीर झाले. ज्या ट्रम्पेटवादकाला ही रचना अर्पण केलेली आहे, त्या वाडाडा लिओ स्मिथ यांच्यासह अय्यर यांनी २०१६ मध्ये 'अ कॉस्मिक ऱ्हिदम विथ ईच स्ट्रोक' हा अल्बम केला होता. २०२५ मध्ये या दोघांचा 'डिफायंट लाइफ' हा अल्बमही ईसीएमने प्रकाशित केला.